आधी कात्री, मग पेन्सिल

मुळशी धरणाच्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावे आहेत. त्या गावांच्या पायवाटा, देवळांची आवारे, भातखाचरांचे बांध आता कोणत्याही कॅमेऱ्याला टिपता येणार नाहीत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजारावर मावळे धरणाच्या कामावर चालून गेले आणि तिथेच ठाण मांडून त्यांनी काम थांबवले. मुळशी सत्याग्रहाच्या या घटनेला शंभर वर्षे उलटून गेली. ती पडद्यावर आणायची तर एकतर बराच पैसा ओतून बुडालेली गावे पुन्हा उभी करावी लागतील, नाहीतर ती चित्रांतून हलती करावी लागतील. पहिला मार्ग मोठ्या निर्मात्याचा. दुसरा मार्ग मुळशी तालुक्यातल्या पौडच्या शाळेतल्या, लवळ्याच्या महाविद्यालयातल्या किंवा पुण्याच्या एखाद्या डिझाइन संस्थेतल्या मुलामुलींनाही मोकळा आहे. म्हणून या मार्गावरची पहिली पायरी कोणती, हे नीट समजून घेण्याची गरज पौडला इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त आहे.

या पायरीबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. अॅनिमेशन म्हणजे चांगले चित्र काढता येणे, असे पालकांना वाटते, शिक्षकांना वाटते आणि विद्यार्थ्यांनाही वाटते. चित्र यावे लागतेच. पण फिल्म घडते ती चित्रांच्या क्रमातून, आणि तो क्रम पहिली पक्की रेघ ओढण्याआधी ठरलेला असावा लागतो. नटनट्यांच्या चित्रपटात संकलक शेवटी येतो. एकाच प्रसंगाचे अनेक कोनांतून, अनेकदा घेतलेले तुकडे त्याच्यापुढे येतात, आणि नको ते तो बाजूला काढतो. हाताने काढलेल्या फिल्ममध्ये बाजूला काढण्यासाठी जास्तीचे काही बनवणे परवडतच नाही. सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘टूजवर’ काम केले, तरी सेकंदाला १२ चित्रे होतात. दीड मिनिटाचा एक सीक्वेन्स म्हणजे १०८० चित्रे. दिवसाला २० चित्रे पुरी करणारा विद्यार्थी धरला, तरी एकही सुट्टी न घेता ५४ दिवस. त्यातला चार सेकंदांचा एक शॉट शेवटी अनावश्यक ठरला तर ४८ चित्रे, म्हणजे जवळजवळ अडीच दिवसांची मेहनत वाया.

म्हणून इथे संकलकाची जागा सगळ्यांच्या आधी असते. तो स्टोरीबोर्डच्या छोट्या चौकोनांत ओबडधोबड आकृत्या काढतो, ते चौकोन भिंतीवर लावतो, मागेपुढे करतो, काही फाडून टाकतो. मग त्याच आकृत्या टाइमलाइनवर ठेवून, खाली कच्चा आवाज जोडून अॅनिमॅटिक बनवतो. प्रत्येक शॉट किती चौकटींचा, कोणत्या पोझवर कट घ्यायचा, पुढच्या शॉटमध्ये तीच पोझ कुठून उचलायची, हे सगळे तिथे ठरते आणि एक्स-शीटवर चौकटीगणिक लिहिले जाते. फिल्म चांगली की वाईट याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. पुढचे महिने त्या निकालाची अंमलबजावणी करण्यात जातात.

ही शिस्त हॉलिवूडने आपल्याला शिकवली असे समजण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाच्या चित्रकथींनी ती कागदावर जपली आहे. त्यांची पोथी शिवलेली नसते. ती सुट्या चित्रांची चळत असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. पुढची बाजू दाखवत कथा गाऊन झाली की पान उलटते आणि कथा पुढच्या क्षणावर जाते. कोणता क्षण चित्रात घ्यायचा आणि कोणता गाण्यावर सोपवायचा, हा निर्णय चित्र रंगण्याआधीचा. कोणते चित्र किती वेळ धरून ठेवायचे, हे गाणाऱ्याच्या आवाजावर. स्टोरीबोर्ड आणि अॅनिमॅटिक यांच्यातले नाते याहून स्पष्टपणे दुसरीकडे पाहायला मिळत नाही. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा एका लोककलेचा सन्मान झाला असे सगळ्यांनी म्हटले. तो दृश्यकथेच्या रचनाशास्त्राचाही सन्मान होता, आणि अॅनिमेशन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने पिंगुळीची वाट धरायला हवी होती.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ लोकांसमोर आणली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोतात पडद्यावर पाडायची, चित्रामागे चित्र सरकवून हालचालीचा भास निर्माण करायचा आणि सोबत निवेदन करायचे, असा तो खेळ. ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ मुंबईत आला १८९६ मध्ये, म्हणजे त्यानंतर. काचेवरचे चित्र पुन्हा रंगवणे सोपे नसते, आणि खेळ सुरू असताना पुढची काच शोधत बसता येत नाही. क्रम आधी पाठ असावाच लागतो.

मग येतात दादासाहेब फाळके, आणि इथे थोडे थांबायला हवे. चित्रपटाकडे वळण्याआधी फाळके लोणावळ्याला रविवर्मा प्रेसच्या छपाईच्या कामात होते. हा छापखाना लोणावळ्याजवळच मळवलीला होता. मुळशीच्या डोंगरापलीकडेच म्हणायला हरकत नाही. एकाच चित्राचे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या दगडांवरून एकावर एक अचूक बसवण्याचे ते काम. चित्र अनेक टप्प्यांत विभागून, प्रत्येक टप्पा जागच्या जागी बसवण्याची सवय त्यांच्या हाताला तिथे लागली असणार, असे मला नेहमी वाटते. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी काय करून दाखवले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट घेत त्याचे रोप होईपर्यंतची वाढ टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली.

या छोट्या प्रयोगात हलत्या चित्रांची सगळी शिस्त सामावली आहे. कोंब एकदाच फुटतो. त्याला परत बी होऊन दुसरा टेक द्यायला सांगता येत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा, रोप वाढून चौकटीबाहेर गेले तर काय, किती अंतराने चौकट घ्यायची म्हणजे पडद्यावर वाढ थरथरणार नाही, याची सगळी उत्तरे पहिल्या दिवशी तयार असायला हवीत. फाळक्यांनी संकलन माती भिजवण्याआधी केले होते. पुढे १९१५ मध्ये, महायुद्धामुळे कच्ची फिल्म मिळणे अवघड झालेल्या काळात, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या एकेक करून हलवायच्या आणि एकेक चौकट घ्यायची. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांवर असाच प्रयोग केला होता. कच्चा माल तुटपुंजा असतो तेव्हा आखणीला सोन्याचे मोल येते. फाळक्यांच्या त्या काळातल्या लघुपटांकडे मी तसे पाहतो. ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाही. तिची आखणी कुठे कागदावर असती तर ती फिल्म आपल्याला आजही पुन्हा घडवता आली असती.

सरस्वतीबाई फाळक्यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात घरातल्या आणि कंपनीच्या माणसांचे खाणेपिणे सांभाळून त्या रात्री अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडत. फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात होता. ही छिद्रे नेमक्या अंतरावर पडली तरच चौकट जागच्या जागी थांबते, आणि चौकट थांबली तरच हालचाल दिसते. आपल्या चित्रपटाच्या जन्मवेळी चौकट आणि चौकट यांच्यातले अंतर एका बाईच्या बोटांनी मोजलेले आहे. विद्यार्थ्यांना फ्रेम म्हणजे काय हे शिकवताना ही गोष्ट सांगितली जात नाही. ती पहिल्या तासाला सांगायला हवी.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. पुण्यातल्या स्टुडिओतून १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ नावाचा हलत्या व्यंगचित्रांचा लघुपट निघाला; भारतातल्या अगदी सुरुवातीच्या बोलक्या व्यंगचित्रपटांमध्ये त्याची गणना होते. प्रभातचा तोच परिसर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूटचा आहे. तिथून पौड फाटा पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि फाट्यावरून निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट करत थेट पौडला येतो. पुण्याच्या चित्रपटविद्येचे केंद्र आणि मुळशी तालुक्याचे मुख्य गाव एकाच रस्त्याने जोडलेले असूनही त्यांच्यात फारशी देवाणघेवाण झाली नाही, याचे वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर हलत्या चित्रांचे काम मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनकडे गेले. १९५६ मध्ये तिथे कार्टून विभाग सुरू झाला, आणि डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या तरुणांना शिकवायला आले. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा लघुपट १९५७ मधला. राम मोहन यांच्यासारखे अॅनिमेटर त्या विभागात तयार झाले. पण मराठी वाचकाच्या मनाच्या सर्वांत जवळची फिल्म १९७४ ची ‘एक अनेक और एकता’. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसेन यांची रचना आणि अॅनिमेशन, वसंत देसाई यांचे संगीत, आणि साधना सरगम यांचा बालपणातला आवाज. वसंत देसाई प्रभातमध्येच घडले होते. दूरदर्शनवर ही फिल्म पाहिलेल्या पिढीला ती चित्रांसकट पाठ आहे, आणि त्याचे कारण तिचा क्रम आहे. पाखरे, जाळे, उंदीर, पुन्हा मुले. एका शॉटमधून दुसरा अपरिहार्यपणे निघतो. त्यातला एखादा शॉट काढून पाहा, गाणे पांगळे होईल.

पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. मुळशी सत्याग्रहाच्या नेत्याचे नाव असलेल्या रस्त्यावर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांसाठी दृश्यपाठ बनवणारी संस्था तीस वर्षे चालली आणि मग निधी आटला, संस्था बंद झाली. कार्यक्रमांच्या टेपा कुठेतरी जपल्या जातात. कार्यक्रम कसे आखले गेले, कोणता भाग का वगळला, याचे कागद जपण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली तेव्हा फिल्म गेल्याचे दुःख सगळ्यांनी केले. आखणीचे कागद त्याआधी कितीतरी वर्षे, न जळताच नाहीसे झाले होते.

आता आजच्या वर्गाकडे वळू. टॅब्लेटवर रेघ मारली की लगेच पुसता येते, रंग एका टिचकीने बदलतो, थर वेगळे ठेवता येतात. ही साधने उत्तम आहेत आणि ती मुलांच्या हातात आली याचा आनंदच आहे. पण त्यांनी एक भ्रम निर्माण केला: चूक कधीही दुरुस्त करता येईल. मग विद्यार्थी सुरुवात करतो पात्राच्या चेहऱ्यापासून. चार बाजूंनी काढलेले सुंदर पात्र, त्याच्या कपड्यांच्या छटा, डोंगरावरचा सूर्योदय, ढगांची संथ सरक. दोन महिने त्यात जातात. मधला प्रसंग, जिथे पात्राला काहीतरी ठरवायचे आहे, तो परीक्षेच्या आठवड्यात घाईने उरकला जातो. शेवट पांढऱ्या अक्षरांत लिहिला जातो. दार कुठे असेल हे न ठरवता भिंती रंगवत बसण्यासारखे हे आहे. दोष मुलांचा नाही. गुणपत्रिकेत अॅनिमॅटिकला किरकोळ गुण आणि झगमगीत अंतिम शॉटला भरपूर गुण असतील, तर कुठलाही शहाणा विद्यार्थी सूर्योदयच रंगवेल.

डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठी बुटक्यांच्या सूप पिण्याचा एक पूर्ण सीक्वेन्स वॉर्ड किम्बल यांनी अॅनिमेट केला होता. कथेची गती अडते म्हणून तो १९३७ च्या फिल्ममधून काढून टाकला गेला. शेकडो माणसांच्या स्टुडिओला हा घाव सोसता आला. एकट्याने फिल्म करणाऱ्या मुलीला तो सोसत नाही. तिचा सूप पिण्याचा प्रसंग स्टोरीबोर्डच्या भिंतीवरच गळून पडायला हवा.

रामनवमीच्या प्रसंगाचा दीड मिनिटाचा सीक्वेन्स आखायचा तर काय करावे लागेल, ते आता पाहू. पहिला प्रश्न दिशेचा. नकाशाच्या सवयीप्रमाणे पश्चिम डावीकडे ठेवली, तर मुळा नदी सह्याद्रीतून निघून पौडकडे आणि पुढे पुण्याकडे डावीकडून उजवीकडे वाहते. तिचे पाणी मुठेला मिळून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचे. धरणाने ते अडवले आणि बोगद्यांतून, नळांतून उलट पश्चिमेला वळवले. सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून ते आता कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. पडद्यावर हे पाणी उजवीकडून डावीकडे जाईल. वरच्या अंगाच्या गावांतून धरणाकडे चालत आलेले मावळे नदीबरोबर, डावीकडून उजवीकडे चालतील. पुण्याहून येणारे अधिकारी आणि पोलीस उजवीकडून डावीकडे येतील. म्हणजे माणसे नदीच्या जुन्या दिशेने चालतात, सत्ता तिच्या नव्या दिशेने. ही एक गोष्ट कागदावर पक्की केली की पडद्यावर कोण कुठून येतो हा गोंधळ उरत नाही, आणि प्रेक्षकाला एकही वाक्य न सांगता नदी उलटी फिरल्याचे अंगावर येते. एखाद्या शॉटमध्ये मावळे चुकून उलट्या दिशेने चालले तर नुसती सलगता बिघडणार नाही, इतिहास बिघडेल.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मुळशी म्हटले की धुक्यातले हिरवे डोंगर मनात येतात, कारण पुण्याहून लोक पावसाळ्यात इथे येतात. रामनवमी चैत्रात येते. खाचरे कोरडी, कापणीनंतरचे खुंट, नदीची धार बारीक, आणि पुढच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन शेतांत ठिकठिकाणी. राबाचा धूर दरीत तरंगणारा. ज्याला हा महिना ठाऊक आहे त्या मुलाच्या रंगपेटीतून हिरवा आपोआप बाजूला पडतो आणि मातकट, राखाडी, जळका करडा पुढे येतो. भाजलेल्या खाचराचा एक शॉट दाखवला की ही माणसे पुढच्या पिकाच्या तयारीत होती, जमीन सोडायच्या तयारीत नव्हती, हे कळते. या सीक्वेन्सची आखणी पौडच्या मुलांनी करावी असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आवाज. प्रसंगाचा गाभा काम थांबणे हा आहे, आणि थांबणे चित्रात दाखवणे अवघड असते; स्थिर चित्र म्हणजे फिल्म अडकली असे वाटू शकते. कानाला मात्र ते लगेच कळते. म्हणून चित्राआधी आवाजाची पट्टी तयार करावी. दगड फोडण्याचे ठोके दर २४ चौकटींनी, अगदी सुरुवातीपासून. शेतावर, घराच्या ओसरीवर, नदीच्या काठावर, प्रत्येक शॉटखाली तोच ठोका. जवळ येऊ तसा मोठा. घोषणा ‘जान किंवा जमीन’ ही त्या ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत बसवावी. माणसे धरणाच्या चरात उतरून बसतात. ठोका. आणखी माणसे बसतात. ठोका. मग जिथे पुढचा ठोका पडायला हवा त्या चौकटीवर तो पडत नाही. ४८ चौकटी शांत, ७२ चौकटी शांत. त्या तीन सेकंदांत पापणी लवणे किंवा धुराची वेटोळी एवढीच हालचाल पुरे. ३६ चित्रांऐवजी पाचसहा चित्रांत काम होते. सगळ्यात मोठ्या क्षणाला सगळ्यात कमी चित्रे लागतात, हे ठोक्यांची पट्टी आधी केल्यानेच कळते. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९६३ पासून ‘अॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणली ती अशाच हिशेबी धरलेल्या चित्रांच्या बळावर.

काही गोष्टी चित्रात येत नाहीत आणि तरी त्या टाळता येत नाहीत. धरण का बांधले जात होते? मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. सत्याग्रह का मोडला? मावळ्यांच्या जमिनी पुष्कळ ठिकाणी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकाराला नुकसानभरपाईच्या पैशात रस होता आणि कुळाला जमिनीत. सत्याग्रहाच्या आतच ही फट होती, आणि राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात ती स्पष्टपणे मांडली आहे. दीड मिनिटात हे सगळे सांगता येणार नाही. पण गहाणखतावर उमटलेल्या अंगठ्याचे एक चित्र दोन सेकंद, ४८ चौकटी धरता येते. एकच चित्र. त्याआधी राब भाजणाऱ्या हाताचा शॉट आणि त्यानंतर मुंबईत फिरणाऱ्या चात्यांचा शॉट. हा हात, तो अंगठा, त्या चात्या, या क्रमाने ठेवले की कारण समोर येते. अंगठा चात्यांनंतर ठेवला तर अर्थ बदलतो: गिरणीला दोष जातो आणि सावकार सुटतो. विद्यार्थ्याने हा बदल अॅनिमॅटिकमध्ये करून पाहावा आणि आपल्याला कोणती बाजू खरी वाटते ते ठरवावे. इतिहास वाचल्याशिवाय हा कट घेता येत नाही, म्हणून संकलनाच्या तासाला इतिहासाचा शिक्षक वर्गात हवा.

वगळण्याबद्दल एक स्पष्ट मत मांडतो. डिसेंबर १९२४ मध्ये सेनापती बापटांनी रेल्वेमार्गावर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची सजा झाली. तलवार, पिस्तूल, थांबलेले इंजिन. कोणाही अॅनिमेटरचे हात शिवशिवतील असा हा प्रसंग आहे. रामनवमीच्या सीक्वेन्समध्ये तो घेऊ नये. तो आला की हजारभर निःशस्त्र माणसांनी बसून थांबवलेले काम एका शूर माणसाच्या झटापटीची प्रस्तावना बनते. बापटांचे मोठेपण त्याने वाढत नाही, आणि ज्यांची नावे कुठल्या रस्त्याला दिली गेली नाहीत त्या कुळांचे मात्र कमी होते. गाडीच्या प्रसंगाची स्वतंत्र फिल्म व्हावी, जरूर व्हावी. तिची गती वेगळी, तिचा आवाज वेगळा.

मुळशी तालुक्यात आज साधनांची वाण नाही. पौडजवळ खुबवलीला महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे. लवळ्याला सिम्बायोसिसचे माध्यमशिक्षण आहे, फ्लेम विद्यापीठ आहे. त्याच खोऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, जिथल्या मुलांच्या पणजोबांची घरे पाण्याखाली गेली असू शकतात. संगणक आणि संपादनाची यंत्रणा एकीकडे, राब भाजण्याची आणि नदीच्या वळणांची माहिती दुसरीकडे. या दोघांना एका टेबलाशी बसवण्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. स्टोरीबोर्डला कागद आणि पेन्सिल लागते, आणि अॅनिमॅटिक साध्या मोबाइलवरही जुळवता येते. संस्थांनी गुणांची विभागणी बदलावी: निम्मे गुण अॅनिमॅटिकपर्यंतच्या कामाला द्यावेत आणि ते पक्के चित्रण सुरू होण्याआधीच द्यावेत. वगळलेले शॉट कारणांसह लिहून घ्यावेत. प्रत्येक फिल्मचा स्टोरीबोर्ड, एक्स-शीट आणि अॅनिमॅटिक यांची एक प्रत पौडच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना फिल्मबरोबर तिची आखणीही वाचायला मिळेल.

२०२७ हे भिरा वीजकेंद्राच्या शताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने समारंभ होतील, स्मरणिका निघतील. मुळशीच्या मुलांची दीड मिनिटाची फिल्मही तेव्हा तयार असावी असे वाटत असेल, तर कामाचा क्रम असा हवा: आधी एका चैत्रात खाचरांची आणि नदीची पाहणी, मग स्टोरीबोर्ड, मग ठोक्यांची पट्टी, मग अॅनिमॅटिक. आणि रंगाचा पहिला थर चढवण्याआधी ते अॅनिमॅटिक पौडमध्ये विस्थापित कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांना एका संध्याकाळी दाखवावे. आमच्याकडे ओसरी या बाजूला असायची, चरात उतरायची वाट तिकडून होती, बायका डोक्यावर असे ओझे घेत नसत, असे ते सांगतील. त्या टप्प्यावर चौकोन मागेपुढे करायला आणि आकृत्या नव्याने काढायला एक दुपार पुरते, आणि त्या दुपारनंतरच १०८० चित्रांची वाटणी मुलांमध्ये करावी.